कवळीवाल्यांची शाळा

आयुष्यात एकदा तरी शाळा काढावी, असं कवळीवाल्यांना कधीही वाटलं नव्हतं. शाळा काढणारी माणसं वेगळी. त्यांच्याजवळ मैदान असतं, इमारत असते, कोणाच्या तरी स्मरणार्थ मिळालेलं कपाट असतं. कवळीवाल्यांजवळ दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, दोन मुलं आणि फळीवर ओळीने मांडलेली चाळीस माणसांची तोंडं एवढाच ऐवज होता.

तोंडं म्हणजे प्लॅस्टरचे साचे. दातांचे डॉक्टर लोकांच्या बोळक्यांची मापं घेऊन पाठवत, कवळीवाले त्यांचे साचे ओतत, त्यांवर मेणात एकेक दात बसवत आणि पंधरा दिवसांत कोणा अनोळखी माणसाचं हसू डबीत घालून परत पाठवत. दात कोरून पोट भरत नाही, पण दात बसवून भरतं, हा त्यांचा आवडता विनोद होता. त्यांच्या बायकोने तो बारा वर्षं ऐकला. आता ती दुसऱ्या गावी नोकरीला गेली होती, बायकांच्या वसतिगृहात राहत होती आणि परत येणार नव्हती. भांडण म्हणावं असं काही झालं नाही. भांडायला दोघांनी एका वेळी बोलावं लागतं, आणि ते त्या घरात केव्हाच बंद झालं होतं.

मोठं घर सोडून कवळीवाले मुलांसह या दोन खोल्यांत आले ते नेमके वर्षाच्या मध्यावर. जुनी शाळा शहराच्या पार त्या टोकाला राहिली. जवळच्या शाळेत गेले, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "जागा नाही. नव्या वर्षी या."

"तोवर मुलांनी काय करायचं?"

"हा आमच्या शाळेचा प्रश्न नाही. ती आमच्या शाळेची मुलं नाहीत ना!"

या युक्तिवादात कुठेही फट नव्हती. शेवटी कोणीतरी सांगितलं की शिक्षण खात्याची परवानगी काढली तर मुलांना घरीच शिकवता येतं. चार महिन्यांनी तपासनीस येऊन परीक्षा घेतात. मुलं पास झाली तर जवळच्या शाळेला त्यांना वरच्या वर्गात घ्यावंच लागतं. हे मुलांच्या आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ठीक आहे. पास झाली तर तुझ्याकडे राहू देत. नापास झाली, तर मात्र इकडे पाठवायची. तोवर मलाही घर मिळेल. त्यांचं वर्ष मी तुझ्या हौसेपायी घालवणार नाही."

"मान्य," कवळीवाले म्हणाले. फोन ठेवल्यावर मुलांना यातलं काही सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं. दहा वर्षांच्या थोरल्याच्या आणि सात वर्षांच्या धाकटीच्या डोक्यावर एवढं ओझं कशाला? बापाचं डोकं त्यासाठीच असतं, असं त्यांचं मत होतं.

शिक्षण खात्यात खिडकी क्रमांक चारमागे एक कारकून बसत असे. त्याने सहा पानी फॉर्म दिला. तो मुळात खऱ्या शाळांसाठी होता, पण घरच्या शाळेसाठी वेगळा फॉर्म छापायचा ठराव अजून वरच्या मजल्यावर होता. शाळेचे नाव, मैदानाचे क्षेत्रफळ, स्वच्छतागृहांची संख्या, घंटा आहे किंवा कसे. कवळीवाल्यांनी फूटपट्टी घेऊन दारापुढची गॅलरी मोजली आणि मैदान नऊ फूट बाय तीन फूट असं प्रामाणिकपणे लिहिलं. शिक्षकांची संख्या, एक. पैकी महिला, या रकान्याशी मात्र त्यांचं पेन अडलं. त्यांनी 'सध्या नाही' असं लिहिलं. मग थोडा वेळ त्या अक्षरांकडे बघून 'सध्या' खोडलं.

"खाडाखोड चालत नाही," कारकून म्हणाला आणि त्याने नवा फॉर्म दिला. सहाही पानं पुन्हा लिहावी लागली. या वेळी त्या रकान्यात त्यांनी 'नाही' एवढंच लिहिलं.

"पालकाची सही आणि मुख्याध्यापकांची सही सारखीच दिसते," पुढच्या खेपेला कारकुनाने शोध लावला.

"दोन्ही मीच आहे."

"ते तुम्ही म्हणता. कागद म्हणत नाही. मुख्याध्यापक पालकांना ओळखतात, असं मुख्याध्यापकांचं पत्र आणा."

कवळीवाल्यांनी घरी बसून पत्र लिहिलं. 'सदर गृहस्थांना मी एक्केचाळीस वर्षांपासून ओळखतो. त्यांचं वर्तन चांगलं आहे.' लिहिताना त्यांना उगीचच वाटलं की आपल्याबद्दल इतकं बरं कोणी पुष्कळ दिवसांत लिहिलेलं नाही. कारकुनाने ते वाचून शिक्का मारला आणि म्हणाला, "चांगलं आहे, एवढंच? माणूस खास ओळखीचा दिसत नाही." तरी परवानगी मिळाली.

शाळा सोमवारी सुरू झाली. एखादी गोष्ट करायची तर रीतसर, हा कवळीवाल्यांचा खाक्या. घंटा म्हणून पातेल्याचं झाकण टांगलं. वेळापत्रक भिंतीला लावलं. शाळेच्या वेळात आपल्याला 'सर' म्हणायचं असा नियम केला. या नियमाचा त्यांना तिसऱ्याच दिवशी पश्चात्ताप झाला, कारण धाकटीने हात वर करून विचारलं, "सर, मला बाबांना एक गोष्ट सांगायची आहे. ते कधी येतील?"

"मधल्या सुट्टीत," सर म्हणाले. नियम म्हणजे नियम. पण मधली सुट्टी होईपर्यंत ती ते विसरून गेली, आणि काय सांगायचं होतं ते कवळीवाल्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

शाळा आहे म्हटल्यावर सल्लागार मंडळ आपोआप तयार झालं. समोरच्या दारात निवृत्त पोस्टमास्तर राहत. त्यांनी उभ्या आयुष्यात एका मुलाला एक अक्षर शिकवलं नव्हतं, पण सगळे त्यांना 'मास्तर' म्हणत असल्यामुळे शिक्षण हा आपलाच विषय आहे अशी त्यांची समजूत झाली होती. कवळीवाल्यांचं दार उघडलं की समोरचं दार उघडे.

"आज काय शिकवलंत?"

"अपूर्णांक."

"चुकलंत! आधी पत्र लिहायला शिकवा. मायना, मजकूर, सही. ज्याला पत्र लिहिता येतं त्याला काहीही अडत नाही. आणि पत्ता! पत्ता नीट नसेल तर माणूस फुकट."

अशी पंधरा मिनिटं जात. पुढे पुढे कवळीवाले कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायलासुद्धा चोरपावलांनी जाऊ लागले. खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंचा प्रकार याहून कठीण होता. त्या सल्ला देत नसत. त्या नुसत्या मुलांकडे बघून "च् च्" करत आणि डोक्यावरून हात फिरवत. सल्ला परवडला, पण ते "च् च्" कवळीवाल्यांच्या जिव्हारी लागे.

गणिताला मणी, काड्या असं काही साहित्य लागतं. कवळीवाल्यांकडे दात होते. दात पाकिटातून येतात, पुढचे सहा आणि दाढा आठ, मिळून एका जबड्याचे चौदा. धाकटी त्यावरच बेरीज-वजाबाकी शिकली. त्यामुळे झालं असं की बेचा पाढा यायच्या आधी तिला चौदाचा पाढा तोंडपाठ झाला. चौदा सक चौऱ्याऐंशी म्हणताना ती जराही अडखळत नसे, मात्र बे सक विचारलं की छताकडे बघत बसे. पण एकदा वजाबाकीत गेलेले दात तिने परत करताना जरा घोटाळा केला, आणि कवळीवाल्यांनी थोरल्याला भूगोल समजावत समजावत ते तसेच मेणात बसवले. आठवड्याने डॉक्टरांचा फोन आला.

"अहो, तुम्ही काय पाठवलंय? पेशंटची बायको म्हणते, हे हसले की दुसरंच कोणीतरी हसल्यासारखं वाटतं!"

वीस वर्षांत पहिल्यांदा कवळीवाल्यांचं काम परत आलं. सुळ्याच्या जागी पुढचा दात आणि पुढच्याच्या जागी सुळा! डबी उघडून ते कितीतरी वेळ तिच्याकडे नुसते बघत बसले. अपमान झाला खरा, पण सांगणार कोणाला? मुलांना सांगितलं तर धाकटी रडली असती.

त्यानंतर विज्ञानाने दणका दिला. द्रव पदार्थ घन कसा होतो हे शिकवायला घरात प्लॅस्टर असताना पुस्तक कशाला, असा विचार करून त्यांनी प्रयोग दाखवला. थोरल्याला विज्ञान इतकं पटलं की उरलेलं प्लॅस्टर वाहत्या पाण्यातही घन होतं का, हे बघायला त्याने ते मोरीत ओतलं. होतं. अगदी दगडासारखं होतं. दोन दिवस पाणी तुंबलं, मोरीतून स्वयंपाकघरात आलं, स्वयंपाकघरातून खाली काकूंच्या छताला पोचलं, आणि काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा "च् च्"च्या पलीकडे जाऊन चार स्पष्ट शब्द ऐकवले. प्लंबरने पाइप कापून आतला पांढरा ठोकळा बाहेर काढला, तो हातात तोलला आणि म्हणाला, "मुलांना शाळेत घाला साहेब. शाळेत असली की निदान शाळेची मोरी तुंबते."

अशातच कवळीवाले तापाने आडवे झाले. सकाळी अंथरुणातूनच त्यांनी जाहीर केलं, "आज सर आजारी आहेत. शाळेला सुट्टी."

"रजेचा अर्ज?" थोरल्याने विचारलं. अर्जलेखन त्यांनीच आदल्या आठवड्यात शिकवलं होतं. कण्हत कण्हत त्यांनी अर्ज लिहिला. थोरल्याने तो मुख्याध्यापकांकडे मंजुरीसाठी नेला, म्हणजे अंथरुणाला एक प्रदक्षिणा घालून परत त्यांच्याच हातात दिला. मुख्याध्यापकांनी सही केली. मग दोघांनी त्यांना चहा करून दिला. त्यात साखर नव्हती, आणि तो तसाच गोड लागला हे कवळीवाल्यांनी कबूल केलं नाही.

हे सगळं लोकांना सांगताना गमतीचं वाटतं. पण सांगायचं कोणाला, हीच तर मुख्य अडचण होती. मधल्या सुट्टीत मुलं गॅलरीत खेळायला जात, आणि शिक्षकांच्या खोलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, कवळीवाले एकटे उभं राहून चहा पीत. खऱ्या शाळेत शिक्षक अशा वेळी एकमेकांत मुलांच्या चुगल्या करतात, मुख्याध्यापकांना नावं ठेवतात. इथे मुख्याध्यापकांना नावं ठेवायची तर तीही स्वतःलाच. फळीवर चाळीस तोंडं होती, पण एकही बोलणारं नव्हतं. मुलं झोपायला गेली की कवळीवाले दाढा घासायला बसत आणि घासता घासता त्या साच्यांशी हळू आवाजात बोलत. "आज धाकटीने वाचताना एकही चूक केली नाही बरं का, आजोबा," असं काहीतरी. बोलणं वाईट नव्हतं. आजोबा ऐकून घेत. घरात आपल्याशिवाय ते कोणाला ऐकू जात नाही, अशी कवळीवाल्यांची खात्री होती.

रोज संध्याकाळी सात वाजता आईचा फोन येई. मुलं तो घेऊन गॅलरीत जात आणि दार ओढून घेत. आत नुसतं हसणं ऐकू येई. फोन परत येईपर्यंत तो बंद झालेला असे.

असे चार महिने गेले आणि एका गुरुवारी अकरा वाजता तपासनीस बाई आल्या. तीस वर्षं नोकरी झालेली, चष्मा नाकाच्या टोकावर, हातात फाइल. घरात मोठ्या माणसाची खुर्ची एकच होती, ती फळीखाली. बाई तिच्यावर बसल्या आणि त्यांच्या डोक्यावर चाळीस जबडे आ वासून राहिले. कवळीवाल्यांनी वह्या मांडल्या. त्यांचा विश्वास होता. मुलं तयार होती. कालच थोरल्याने नकाशात अकरा देश डोळे मिटून दाखवले होते.

"पृथ्वी स्वतःभोवती फिरायला किती वेळ घेते?" बाईंनी थोरल्याला विचारलं.

थोरला जमिनीकडे बघत म्हणाला, "माहीत नाही."

कवळीवाल्यांना वाटलं, घाबरलाय.

"पाव आणि अर्धा मिळून किती?"

"माहीत नाही."

"बरं, तू सांग. सात आणि सहा किती?"

"नऊ," धाकटी म्हणाली. चौऱ्याऐंशीपर्यंत घडघडा जाणारी धाकटी!

कवळीवाल्यांनी बाईंच्या पाठीमागून बोटं दाखवायला सुरुवात केली. दहा बोटं आणि वर तीन. बाईंनी मान न वळवता सांगितलं, "सरांनी जरा आत जाऊन बसावं." ते स्वयंपाकघरात जाऊन दाराला कान लावून उभे राहिले. बाहेरून एकामागून एक येत होतं. माहीत नाही. माहीत नाही. अकरा. माहीत नाही. चार महिने, सहा पानी फॉर्म दोनदा, तुंबलेली मोरी, परत आलेली कवळी, आणि शेवटी हे! उद्या फोन करावा लागणार. मुलांना घेऊन जा म्हणावं लागणार. दोन बॅगा भराव्या लागणार. कोणाला बोल लावणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

"बाहेर या," बाईंनी हाक मारली. त्यांनी फाइल अजून मिटली नव्हती. "वीस प्रश्न विचारले. बरोबर एक. तोही, तुझं नाव काय, हा."

"काल सगळं येत होतं हो! देवाशपथ—"

"ते मला दिसतंय. तीस वर्षं मुलं बघतेय मी. ज्याला येत नाही ते मूल छताकडे बघतं. ही दोघं प्रश्न विचारला की आधी एकमेकांकडे बघतात." त्या धाकटीकडे वळल्या. "सात आणि सहा किती, हे तुला खरंच माहीत नाही?"

"माहीत आहे. पण सांगायचं नाही."

थोरल्याने टेबलाखालून तिला लाथ मारली.

"का सांगायचं नाही?"

"सांगितलं तर पास होतो ना!"

मग थोरल्यालाच बोलावं लागलं. तो कवळीवाल्यांकडे न बघता, बाईंच्या फाइलकडे बघून बोलला. "बाबा फोनवर म्हणत होते, पास झाले की शाळेत घालायचं. आम्ही शाळेत गेलो की बाबा दिवसभर घरी एकटे. त्यांच्याशी बोलायला कोणी नाही. ते त्या साच्यांशी बोलतात. आम्हाला ऐकू येतं."

"त्यातल्या एकाला आजोबा म्हणतात," धाकटीने पुरवणी जोडली.

कवळीवाल्यांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. चार महिने आपण मुलांना सांभाळतोय, त्यांच्यापर्यंत काही पोचू देत नाही, या घमेंडीत ते होते. तिकडे मुलं आपापसांत ठरवून त्यांना सांभाळत होती.

"आणि नापास झालात तर काय होईल, असं वाटलं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"परत चार महिने घरीच शाळा."

"नाही रे," कवळीवाले म्हणाले. "नापास झालात तर आईकडे जायचं. कायमचं. तसं ठरलंय आमचं."

"हे आम्हाला का नाही सांगितलं?" थोरला एकदम ओरडला. "आईकडे जायला आवडेल मला. पण तिच्याकडे त्या वसतिगृहातल्या सगळ्या मावश्या आहेत! तुमच्याकडे कोण आहे?"

तेवढ्यात धाकटी खुर्चीवरून उठून उभी राहिली आणि बाईंच्या तोंडासमोर ओरडली, "तेरा! सात आणि सहा तेरा!"

"चोवीस तास!" थोरल्याने सुरुवात केली. "पाऊण! पाव आणि अर्धा पाऊण!" आणि अर्ध्या तासापूर्वी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दोघंही घाईघाईने, एकमेकांच्या वर चढून, गाडी सुटत असल्यासारखी ओरडू लागली. बाई फाइलवर वाकून एकेक खूण करत होत्या. "हळू," त्या म्हणाल्या. "मी कुठे पळून चालले नाही."

वीसपैकी एकोणीस झाले. धाकटीला बे सक किती हे खरोखरच आठवलं नाही.

जाताना बाई दारात थांबल्या. "सोमवारी नवं वर्ष सुरू होतंय, शाळेत पाठवा. पत्र आजच जाईल." मग जरा घुटमळून म्हणाल्या, "शिकवलं चांगलंय. फक्त शाळेतला एक माणूस मागे पडलाय. त्याच्यासाठी आमच्या खात्यात फॉर्म नाही."

संध्याकाळी सात वाजता मुलांनी गॅलरीतून सगळी हकीकत आईला सांगितली असावी, कारण त्या दिवशी फोन बंद न होता कवळीवाल्यांकडे आला.

"झाली पास?"

"झाली."

"बरं झालं." मग तिने विचारलं, "जेवलास?"

"अजून नाही. जेवेन."

"जेव. ठेवते मग."

दुसऱ्याच दिवशी कवळीवाल्यांनी पातेल्याचं झाकण पातेल्यावर ठेवलं. सोमवारी ते मुलांना शाळेच्या फाटकापर्यंत सोडून आले. धाकटी आत जाताना एकदा मागे वळली. थोरला वळला नाही, पण त्याची चाल बघून कवळीवाल्यांना कळलं की वळायचं नाही असं त्याने ठरवलंय. घरी येऊन त्यांनी तीन साचे ओतले, एका बाईंच्या खालच्या जबड्याला चौदा दात बसवले, चहा केला. घड्याळात बघितलं तर साडेअकरा. अकरा वाजता अकरा वाजलेले असतात आणि साडेअकराला साडेअकरा, यात विशेष काही नाही. पण रिकाम्या घरात दोहोंच्या मध्ये किती वेळ असतो, याची त्यांना कल्पना नव्हती. फळीवरच्या आजोबांशी बोलायला तोंड उघडलं, आणि शरमून मिटलं.

पाच वाजता मुलं आली. दप्तरं टाकायच्या आधी थोरल्याने विचारलं, "आज कोणाशी बोललात?"

"पुष्कळ जणांशी!" कवळीवाले उत्साहाने म्हणाले. "दिवस कसा गेला कळलंच नाही."

"कोण कोण?"

"म्हणजे... आपले नेहमीचेच सगळे..."

असं म्हणताना कवळीवाले छताकडे बघत होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"नापास," धाकटी म्हणाली.

"उद्या परत विचारणार," थोरला म्हणाला. मग दोघं हातपाय धुवायला गेली.

मंगळवारी साडेदहा वाजता कवळीवाल्यांनी चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. मग आपलं दार उघडून तीन फुटांची गॅलरी ओलांडली आणि समोरचं दार वाजवलं. चार महिने ज्या दाराला चुकवलं, तेच. आत बऱ्याच वेळाने हालचाल झाली. कडी काढायला मास्तरांना वेळ लागला. ते दार बाहेरून कोणी वाजवायची त्यांना सवय नसावी.

"काय झालं? मोरी तुंबली? मुलांचं काही?"

"काही नाही. मुलं शाळेत गेलीत," कवळीवाले म्हणाले. "बोलायला आलोय."

मास्तरांनी त्यांना आत घेतलं. खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली, कुठे ठेवावी ते न कळून पुन्हा तिथेच ठेवली, आणि मग दुसऱ्या खुर्चीवर ठेवली. उघड्या दारातून पंधरा पंधरा मिनिटं सल्ला देणाऱ्या त्या माणसाला, कोणीतरी समोर येऊन बसल्यावर, एक शब्द सुचेना. कवळीवाल्यांनाही सुचेना. मास्तरांनी विचारलं, चहा घेणार का? कवळीवाले हो म्हणाले. चहा झाला. घर कुठल्या दिशेला आहे, उन्हाची तिरीप किती वाजता येते, एवढंच बोलणं झालं, आणि वीस मिनिटांनी कवळीवाले कामाचं निमित्त सांगून उठले.

ते उंबऱ्याबाहेर पडले तरी मास्तरांनी दार लावलं नाही. कडीवर हात ठेवून ते तसेच उभे होते.

"उद्या," त्यांनी विचारलं, "किती वाजता येणार?"